लोकांचा तिसरा हिस्सा

बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा आणि त्याच्याभोवती उभ्या राहिलेल्या गावोगावच्या वाचनालयांचा इतिहास या स्मरणिकेसाठी लिहायला घेतला, तेव्हा पहिला प्रश्न पडला तो सुरुवात कुठून करायची हा. सयाजीराव महाराजांपासून करावी, तर तो त्यांचा चरित्रलेख होईल. इमारतीपासून करावी, तर दगडविटांची हकिगत होईल. मी सुरुवात पैशांपासून करतो. पुस्तकं कोणी निवडली, कपाटं कोणी केली हे सगळं पुढे येईलच. पण ही संस्था एवढी पसरली आणि टिकली ती तिच्या हिशेबाच्या पद्धतीमुळे, असं माझं ठाम मत आहे. त्या पद्धतीविषयी आपण फार कमी बोलतो.

सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सबंध बडोदे संस्थानाला लागू केला. मुलं शाळेत येऊ लागली, अक्षरं गिरवू लागली. पण चार-पाच इयत्ता शिकून घरी बसलेल्या मुलाच्या हाती पुढे वाचायला काहीच नसे. ना पुस्तक, ना वर्तमानपत्र. शेतात आणि दुकानात रमलेला हा मुलगा काही वर्षांत सही करण्यापुरता उरे. शाळेवर केलेला खर्च असा वाया जाऊ नये म्हणून वाचनालय हवं, हा महाराजांचा विचार होता. वाचनालयाकडे त्यांनी चैनीची गोष्ट म्हणून पाहिलंच नाही. शाळेनं सुरू केलेलं काम शाळा सुटल्यावर पुढे नेणारी जागा म्हणून पाहिलं. त्यामुळे शाळेइतकीच त्याची तरतूदही नेमाची असली पाहिजे, हे ओघानं आलं.

१९०६ मध्ये महाराज अमेरिकेत गेले. तिथली सार्वजनिक ग्रंथालयं त्यांनी बारकाईनं पाहिली. कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन शहरात विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डेन नावाचे ग्रंथपाल होते. बोस्टनमध्ये ते चार्ल्स कटर यांच्या हाताखाली तयार झाले होते आणि मेल्विल ड्यूई यांच्या ग्रंथपालन शाळेत त्यांनी शिकवलंही होतं. १९१० साली महाराजांनी त्यांना बडोद्याला बोलावलं, ग्रंथालयांचं स्वतंत्र खातं काढलं आणि ते त्यांच्या हवाली केलं. बॉर्डेन इथे जेमतेम तीन वर्षं राहिले. पण त्या तीन वर्षांत घडी बसली. राजवाड्यातल्या खाजगी संग्रहातली सुमारे २०,००० पुस्तकं महाराजांनी मध्यवर्ती ग्रंथालयाला दिली. सरकारवाड्यात संसार मांडला गेला. कटर आणि ड्यूई या दोघांच्या पद्धती जुळवून बॉर्डेन यांनी बडोद्यासाठी वेगळं वर्गीकरण तयार केलं. १९११ मध्ये त्यांनी ग्रंथपालनाचा वर्ग सुरू केला. आपल्या देशातला तो पहिला. वाचकानं कपाटापाशी स्वतः जावं, पुस्तक हातात घेऊन चाळावं, अशी मुभा त्यांनी ठेवली. पुस्तकांना कुलूप लावून ठेवण्याची सवय असलेल्या त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट होती!

पण बॉर्डेन येण्याच्या आधीपासून एक माणूस इथे कामाला लागलेला होता, आणि त्याचं नाव इमारतींवर कमी आणि लोकांच्या तोंडी जास्त आहे. मोतीभाई अमीन. चरोतरातले शिक्षक. वसो, पेटलाद या भागात शिकवत असताना त्यांनी ‘मित्रमंडळ’ या नावानं गावागावांत छोटी वाचनालयं सुरू केली. काही जणांनी मिळून वर्गणी काढायची, त्यातून वर्तमानपत्रं आणि मासिकं मागवायची, ती सगळ्यांनी वाचायची. एवढीच ती योजना. या मंडळांना पुढे सरकारचं साहाय्य मिळालं आणि खुद्द मोतीभाईंना ग्रंथालय खात्यात घेतलं गेलं. लोक त्यांना ‘चरोतरचं मोती’ म्हणत. आपल्याकडे संस्थेच्या इतिहासात बहुधा राजाचं नाव आधी येतं, मग साहेबाचं, आणि मग सवड मिळाली तर मास्तरांचं. मी इथे तो क्रम मुद्दाम मोडतो आहे. कारण बॉर्डेन यांच्याकडे शास्त्र होतं, महाराजांकडे तिजोरी होती, पण खेड्यातला माणूस आपल्या खिशातून वाचनासाठी पैसे काढतो हे आधी सिद्ध करून दाखवलं ते मोतीभाईंनी.

आता त्या हिशेबाकडे येतो.

बडोदे संस्थानातला नियम असा होता. गावाला वाचनालय हवं असेल तर गावानं वर्षाला काही रक्कम जमवावी. तेवढीच रक्कम प्रांत पंचायत देईल आणि तेवढीच सरकारचं ग्रंथालय खातं देईल. खेड्यासाठी ही मर्यादा १०० रुपयांची, कसब्यासाठी ३०० ची, आणि प्रांताच्या मुख्य ठिकाणासाठी ७०० ची. म्हणजे खेड्यानं १०० रुपये गोळा केले की पंचायतीचे १००, सरकारचे १००, आणि वाचनालयाच्या हाती ३०० रुपये. इमारत बांधायची झाली तरी हाच न्याय: तिसरा हिस्सा लोकांचा, तिसरा पंचायतीचा, तिसरा सरकारचा.

कागदावर ही साधी बेरीज दिसते. पण ती गावात कशी उतरत असेल, याचा विचार करून पाहा. पेठेतल्या दुकानदारानं दिलेले २ रुपये वाचनालयात पोहोचेपर्यंत ६ होतात, हे त्याला समजलं की तो पुढच्या वर्षी नाही म्हणत नाही. उलट शेजाऱ्यालाही ओढून आणतो. आणि ज्यानं स्वतःचे २ रुपये घातले आहेत, तो माणूस वाचनालयाला कुलूप दिसलं की विचारतो, आज का बंद? कपाटाची चावी कोणाकडे आहे, दिव्यात तेल आहे का, मागच्या महिन्याचं मासिक कोण घरी घेऊन गेलं आणि परत केलं नाही, या सगळ्याची चौकशी करणारा माणूस वर्गणीतून तयार होतो. सरकारी निरीक्षक वर्षातून एकदा येणार. वर्गणीदार रोज संध्याकाळी येतो.

त्याच काळात अमेरिकेत अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणग्यांनी गावोगाव ग्रंथालयांच्या इमारती उभ्या राहत होत्या. कार्नेगी इमारतीचे पैसे देत. पण जागा गावानं द्यायची आणि देणगीच्या एक दशांश इतकी रक्कम दरवर्षी गावानं चालू खर्चासाठी घालायची, अशी त्यांची अट असे. बॉर्डेन यांना ही पद्धत चांगली ठाऊक असणार. बडोद्याची पद्धत तिच्या जवळची आहे, पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. कार्नेगी एकदा देत आणि बाजूला होत. बडोद्यात सरकार आणि पंचायत दरवर्षी बरोबर राहत. इमारत बांधून झाल्यानंतरच्या वर्षांत ग्रंथालयं मरतात, हे या क्षेत्रात वावरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. उद्घाटनाला हार असतात, तिसऱ्या वर्षी पुस्तकखरेदीला पैसे नसतात. म्हणून वार्षिक रकमेचा नियम हा बडोद्याच्या योजनेचा कणा आहे, असं मी मानतो.

या सूत्रात एक कमतरताही होती, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. चरोतरातल्या सधन गावाला १०० रुपये जमवणं जड नव्हतं. डोंगराळ, जंगलाळ भागातल्या वस्तीला ते जड होतं. जिथे लोकांचा हिस्सा जमणार नाही तिथे पंचायतीचाही नाही आणि सरकारचाही नाही, असा या हिशेबाचा कोरडा अर्थ. यावर उत्तर म्हणून फिरत्या पेट्या काढल्या गेल्या. ज्या गावाला वाचनालय चालवणं जमत नसे त्याच्याकडे मध्यवर्ती ग्रंथालयातून पुस्तकांची लाकडी पेटी जाई. एका पेटीत साधारण १५ ते ३० पुस्तकं, गुजराती, मराठी, हिंदी, इंग्रजी अशी मिसळलेली. रेल्वेचं भाडं खातं भरे, गावाला काही द्यावं लागत नसे. शाळामास्तर पेटी उघडून पुस्तकं वाटत, वाचून झाली की पेटी परत जाई आणि दुसरी येई. बडोद्याचं राज्य सलग नव्हतं. बडोदे, कडी, नवसारी, अमरेली असे त्याचे तुकडे गुजरात-काठियावाडात विखुरलेले, मध्ये इंग्रजी मुलूख आणि दुसऱ्यांची संस्थानं. अशा मुलखात रेल्वेच्या डब्यातून प्रवास करणारी ती कुलपाची पेटी हेच कित्येक गावांचं ग्रंथालय होतं.

दुसरी गोष्ट जातीची. नियमानं ही वाचनालयं सगळ्यांना खुली होती. पण याच बडोद्यात, महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ साली राहायला जागा मिळाली नाही. जिथे एवढ्या विद्वान माणसाला खोली मिळत नव्हती, तिथे गावच्या धर्मशाळेत मांडलेल्या वाचनालयाची पायरी कोणाकोणाला चढता येत असेल, हा प्रश्न या इतिहासाला चिकटलेला आहे. सरकारी हुकूम आणि गावचा रिवाज यांच्यातलं हे अंतर कोणत्याही तिसऱ्या हिश्शानं भरून निघालेलं नाही. स्मरणिकेत हे लिहू नये असं कोणी म्हणेल. मला वाटतं, इथेच लिहावं.

बॉर्डेन परत गेल्यावर खात्याची धुरा कुडाळकर या मराठी ग्रंथपालांकडे आली. आपल्या मराठी वाचकांना त्यांचं नाव माहीत असायला हवं. ‘लायब्ररी मिसेलनी’ हे त्रैमासिक १९१२ पासून बडोद्यातून निघू लागलं. त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी असे तीन विभाग असत. ग्रंथालयाची व्यवस्था, वर्गीकरण, सूची हे विषय मराठीत मांडायला तेव्हा शब्दसुद्धा जुळवावे लागत असतील. १९१९ मध्ये कुडाळकरांनी या सगळ्या चळवळीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यांच्यानंतर आलेल्या न्यूटन मोहन दत्त यांनी १९२८ मध्ये ‘बडोदा अँड इट्स लायब्ररीज’ लिहिलं. एका संस्थानाच्या वाचनालयांवर दहा वर्षांत दोन पुस्तकं निघावीत, यावरून बाहेरच्या लोकांचं या प्रयोगाकडे किती लक्ष होतं ते कळतं.

पुस्तकं विकत घ्यायला पैसे आले तरी घेण्याजोगी पुस्तकं देशी भाषांत असायला हवीत. १९१२ च्या सुमारास महाराजांनी २ लाख रुपये बाजूला काढले आणि त्यांच्या व्याजातून पुस्तकं लिहवून घ्यायची सोय केली. त्यातून ‘सयाजी साहित्यमाला’ आणि मुलांसाठी ‘सयाजी बालज्ञानमाला’ उभी राहिली. मुद्दल शाबूत ठेवून व्याजावर काम चालवण्याची ही रीत आपल्या जुन्या संस्थांना नवी नाही. पण ती वाचनासाठी वापरली गेली, हे विशेष. ग्रंथालयाच्या संस्कृत विभागातून ‘गायकवाड्स ओरिएंटल सिरीज’ निघाली. चिमणलाल दलाल यांनी संपादलेल्या राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’पासून तिचा आरंभ झाला. पुढे १९२७ मध्ये तो विभाग प्राच्यविद्या मंदिर म्हणून वेगळा झाला. मोतीभाईंनी गावच्या वाचनालयांना एकत्र आणून सहकारी मंडळ काढलं, म्हणजे पुस्तकं आणि लागणारं सामान एकगठ्ठा घेता येईल आणि चार पैसे वाचतील. खेड्यातल्या १०० रुपयांची किंमत त्यांना कळत होती.

मध्यवर्ती ग्रंथालयाला सरकारवाडा अपुरा पडू लागला तेव्हा मांडवीजवळ नवी जागा तयार झाली आणि १९३१ मध्ये पुस्तकं तिथे आली. कपाटांचं काम स्नीड कंपनीकडे होतं. वॉशिंग्टनच्या काँग्रेसच्या ग्रंथालयाची कपाटं केली तीच ही अमेरिकन कंपनी. सगळा सांगाडा पोलादी. कपाटांचे मजले एकावर एक, आणि मधल्या जमिनी काचेच्या.

त्या काचेविषयी मला थोडं सांगू द्या. दांडिया बाजारातल्या आमच्या घरून वडील मला रविवारी मांडवीला घेऊन येत. मुलांच्या खोलीत चित्रांची पुस्तकं असत, खेळ असत. त्यात मन रमे. पण माझं खरं आकर्षण कपाटांच्या मजल्यांचं. पहिल्यांदा त्या काचेवर पाय ठेवताना मी वडिलांचा सदरा घट्ट धरला होता. काच दुधी, जाड, पावलांनी झिजून थोडी खरबरीत झालेली. खालून पाहिलं की वर चालणाऱ्या माणसाच्या चपलांचे दोन काळे डाग सरकताना दिसत. माणूस दिसत नसे, फक्त पावलं. एका जागी ती थांबली की समजायचं, त्याला पुस्तक सापडलं. काच का, हे मी वडिलांना विचारलं. ते म्हणाले, “वरचा उजेड खाली यायला हवा, बाळा. दिवा लावायचा तर आगीची भीती.” पुस्तकांच्या खोलीत दिवाबत्ती कमीत कमी लागावी, छपराकडचा उजेड थेट तळमजल्यापर्यंत झिरपावा, म्हणून ही सगळी योजना. पोलाद जळत नाही, काच जळत नाही. जळण्यासारखं आत काय ते फक्त पुस्तक, आणि ते वाचवायचं. आजही तिथे गेलो की मी आधी खाली बघतो.

या इमारतीत वर्गणी नव्हती. महिलांसाठी वेगळी व्यवस्था होती, वर्तमानपत्रांसाठी वेगळं दालन होतं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी जादूचा कंदील आणि चलच्चित्रं घेऊन खात्याची माणसं गावोगाव जात. ‘ग्रंथालय’ या शब्दात हेही बसतं, हे त्या लोकांना शंभर वर्षांपूर्वी उमगलं होतं. १९२१ आणि १९३४ मध्ये मराठी साहित्य संमेलनं बडोद्यात भरली, तेव्हा बाहेरून आलेल्या मंडळींना दाखवायला आपल्याकडे हे होतं.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराज गेले. मोतीभाईही त्याच वर्षी गेले. १ मे १९४९ ला बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, १९६० पासून आपण गुजरातेत. संस्थानाचं ग्रंथालय खातं विलीनीकरणाबरोबर संपलं. मध्यवर्ती ग्रंथालय राज्याकडे गेलं आणि गावच्या वाचनालयांना आपापला मार्ग शोधावा लागला. कायद्यांची वाट निराळी होती. कोल्हापूर संस्थानानं १९४५ मध्ये ग्रंथालय कायदा केला, देशात सर्वांत आधी. मद्रासनं १९४८ मध्ये केला आणि मालमत्ता कराबरोबर ग्रंथालयाचा उपकर लावला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्यात उपकर नाही, सरकारी अनुदान आहे. गुजरातचा कायदा २००१ चा. उपकर असला की पैसा नेमानं येतो, त्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही, हे खरंच. पण उपकर भरणाऱ्याला आपण काय भरलं ते ठाऊकही नसतं. तो बिलातली एक ओळ भरतो. वर्गणीदाराला आपले २ रुपये आठवतात. म्हणून माझ्या मते दोन्ही हवेत, आणि बडोद्याच्या जुन्या हिशेबात दोन्ही होते: पंचायतीचा आणि सरकारचा पैसा करातून आलेला, लोकांचा पैसा हातातून आलेला.

१९११ साली बडोदे शहराची वस्ती सुमारे १ लाख होती. २०११ च्या जनगणनेत ती साडेसोळा लाखांच्या वर गेली. शहर विश्वामित्री ओलांडून पश्चिमेला पसरलं. अकोटा, गोत्री, वासणा, आणि त्याच्याही पुढे. मांडवीचं ग्रंथालय जुन्या गावात राहिलं. गोत्रीकडच्या एखाद्या शाळकरी मुलीला पुस्तक बदलायला मांडवीपर्यंत यायचं तर दोन वाहनं बदलावी लागतात, आणि संध्याकाळच्या गर्दीत तिला कोणी एकटं पाठवत नाही. जुन्या काळी पेटी रेल्वेनं अमरेलीपर्यंत जात होती. आज नदीपलीकडे पुस्तक न्यायचं कसं, हा तोच प्रश्न आहे, फक्त अंतर कमी झालं आहे.

मी आता नदीपलीकडेच राहतो. आमच्या सोसायटीच्या सभागृहाशेजारी एक खोली वर्षानुवर्षं मोडक्या खुर्च्यांनी भरलेली होती. गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही काही जणांनी ती रिकामी केली आणि वाचनालयासाठी मागितली. सभेत पहिला प्रश्न आला, पैसे कुठून आणणार. कोणी म्हणालं, नगरसेवकांकडे निधी असतो, आधी त्यांना भेटा. कोणी म्हणालं, एखादी कंपनी गाठा. मी बडोद्याचा जुना हिशेब सांगितला. आमच्यातल्या एका बाईंनी लगेच शंभर पानी वही घेतली, पट्टीनं तीन रकाने आखले आणि वर लिहिलं: रहिवासी, पालिका, इतर. पहिला रकाना भरल्याशिवाय दुसरा-तिसरा उघडायचा नाही असं ठरलं. पुढचे पाच रविवार त्या वही घेऊन दारोदार फिरल्या. आमच्याकडे भाजी विकायला येणाऱ्या मुलाचं नावही त्यात आहे. त्याला सोसायटीतला रहिवासी धरावं की नाही यावर थोडी चर्चा झाली, आणि त्याला पहिल्याच रकान्यात ठेवलं.

पहिल्या रकान्याची बेरीज झाली आहे. त्या बेरजेची नक्कल जोडून पालिकेकडे अर्ज गेला आहे. खोलीत सध्या एक कपाट आहे. सतरंजी आहे. पुस्तकं माझ्या घरातली आणि शेजारच्या दोन घरांतली, गुजराती आणि मराठी मिसळलेली. रोज संध्याकाळी साडेपाचला कोणीतरी दार उघडतं. उघडायला उशीर झाला की मुलं येऊन विचारतात, आज का बंद?